घास उतरावा म्हणून

माझ्या खिडकीशी फाईल घेऊन माणूस उभा राहिला, की आजार कुठवर आला आहे हे मला रिपोर्ट उघडायच्या आधी कळायचं. मी एवढंच विचारायचे, "काका, सध्या जेवता काय?" अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये जेवणाला एक उतरंड असते. आधी भाकरी सुटते. मग पोळी दुधात कुस्करून खातात. मग मऊ भात, मग पेज, मग नुसतं दूध. शेवटी पाणीसुद्धा घोटाघोटाने प्यावं लागतं आणि तेही उलटून येतं. आमच्या खानदेशातला माणूस असेल तर तो बाकी काही सांगत बसायचा नाही, "घास उतरस नही" एवढंच म्हणायचा. दुसरी कुठली तक्रार इतक्या कमी शब्दांत इतकी नेमकी सांगितलेली मी ऐकली नाही.

मी फार्मासिस्ट. माहेर नंदुरबार, नोकरी मुंबईत. १९९० पासून बत्तीस वर्षं मी केमोच्या बाटल्या भरल्या. सुरुवातीला आमच्याकडे वेगळी खोली नव्हती. भिंतीला लावलेलं एक टेबल, त्यावर स्पिरिटने पुसलेला रेक्झिनचा तुकडा, आणि औषध काढताना वर पंखा बंद करायचा, हाच आमचा बंदोबस्त. हातमोजे होते, पण रोज मिळतीलच असं नाही. पुढे लॅमिनार फ्लोचं काचेचं कपाट आलं, गाऊन आले, मास्क आले. त्या कपाटासमोर बसून सिरिंजमध्ये औषध ओढताना माझ्या मनात नेहमी यायचं, की ही कुपी इथवर आली कुठून? निवृत्तीनंतर मी ते शोधत, वाचत बसले. त्यातून जे हाती लागलं त्यातली एक गोष्ट मनाला फार लागली. अन्ननलिकेच्या कॅन्सरवर आपण जी औषधं वर्षानुवर्षं देत आलो, त्यातलं एकही मुळात अन्ननलिकेसाठी शोधलेलं नव्हतं. सगळी दुसरीकडून आली. कुठलं जंतूंवर प्रयोग करताना सापडलं, कुठलं उंदराच्या यकृतामुळे सुचलं, कुठलं एका झाडाच्या सालीत होतं. दुसऱ्या अवयवांना उपयोगी पडून झाल्यावर ती अन्ननलिकेच्या वाट्याला आली.

औषधांच्या आधी काय होतं? चाकू आणि किरण. अन्ननलिका छातीत खोल, दोन फुप्फुसांच्या मधून, हृदयाच्या मागे, मणक्याला चिकटून जाते. तिथवर हात पोचवणं हेच मोठं काम होतं. १९१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक या शल्यचिकित्सकांनी एका वृद्ध बाईंची कॅन्सरग्रस्त अन्ननलिका काढली. तिच्या जागी शरीरात काही बसवलं नाही. गळ्याला एक छिद्र, पोटाला एक छिद्र, आणि दोन्ही जोडणारी रबराची नळी शरीराच्या बाहेरून. त्या बाई तशाच जेवत दहा वर्षांहून जास्त जगल्या. पुढे शस्त्रक्रिया सुधारल्या, जठर वर ओढून जोडता येऊ लागलं. रेडिओथेरपी, जिला आमचे रुग्ण 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात, तीही सुधारली. पण गाठ नजरेसमोरून गेली तरी रक्तातून, लसिकेतून आधीच पसरलेल्या पेशी राहायच्या. तिथे चाकूही पोचत नाही आणि लाईटही. तिथे पोचायला रक्तातून जाणारं काहीतरी हवं होतं.

ते पहिल्यांदा मिळालं प्लॅटिनममधून.

मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग नावाचे संशोधक होते. मूळचे भौतिकशास्त्राचे. पेशी दुभंगत असताना तिच्या आत धाग्यांची एक चाती तयार होते, तिचे फोटो त्यांनी पाहिले. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस मांडून बसतो तशी ती आकृती त्यांना दिसली. पेशीच्या विभाजनावर विजेचा परिणाम होत असेल का, हे पाहायचं त्यांनी ठरवलं. ई. कोलाय हे साधे आतड्यातले जंतू घेतले, पोषक द्रवात सोडले आणि त्यात वीज खेळवली. वीज नेणाऱ्या पट्ट्या प्लॅटिनमच्या घेतल्या, कारण प्लॅटिनम कशाशी संयोग पावत नाही असा भरवसा होता. लॉरेटा व्हॅन कॅम्प यांनी तो प्रयोग हाताने चालवला. थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर जंतू मेले नव्हते, पण दुभंगणं थांबलं होतं. ते नुसते लांबत चालले होते, नेहमीच्या तीनशे पट, शेवयांसारखे.

वीज बंद केली, द्रव तोच ठेवला, तरी जंतू लांबतच राहिले. म्हणजे हे काम विजेचं नव्हतं. शोध घेता घेता कळलं, की भरवशाचं प्लॅटिनम किंचित विरघळलं होतं आणि द्रवातल्या अमोनियम क्लोराईडशी जुळून त्याची संयुगं बनली होती. १९६५ मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं. त्यातलं प्रभावी संयुग रसायनशास्त्राला नवीन नव्हतं. मिकेले पेरोने या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते १८४० च्या दशकातच बनवलं होतं आणि ते 'पेरोनेचं क्लोराईड' म्हणून पुस्तकांत पडून होतं. सव्वाशे वर्षं कुणी ते आजारी माणसाच्या संदर्भात पाहिलं नाही. रोझेनबर्गच्या मनात सरळ प्रश्न आला, की जंतूचं दुभंगणं थांबतं तर कॅन्सरच्या पेशीचं का नाही? उंदरांच्या गाठींवर ते चाललं, १९६९ मध्ये तेही 'नेचर'मध्ये आलं. १९७१ पासून माणसांना दिलं गेलं, आणि १९७८ मध्ये अमेरिकेने वृषण आणि अंडाशयाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता दिली. तेच आमचं सिसप्लॅटिन.

ते भरताना पाळायचे नियम मला आजही झोपेतून उठवलं तरी सांगता येतील. डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं नाही, फक्त मिठाच्या सलाईनमध्ये. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, खडे धरतात. उजेडात ठेवायचं नाही, बाटलीला काळा कागद गुंडाळायचा. ॲल्युमिनियम लागलेली सुई वापरायची नाही, काळा साका खाली बसतो. आम्हाला हे नियम शिकवले, कारणं कुणी सांगितली नाहीत. कारण वाचलं तेव्हा मी थक्क झाले. सिसप्लॅटिनच्या रेणूत प्लॅटिनमला दोन क्लोराईड चिकटलेले असतात. भोवती मीठ म्हणजे क्लोराईड भरपूर असेल, तर ते दोन जागचे हलत नाहीत. रक्तात क्लोराईड भरपूर असतं, म्हणून तिथे औषध शाबूत राहतं. पेशीच्या आत ते कमी, तिथे शिरल्यावर क्लोराईड गळून पडतात आणि उघडं पडलेलं प्लॅटिनम डीएनएला जाऊन धरतं. डीएनए तिथे वाकतो, पेशीला त्याची धड नक्कल करता येत नाही. म्हणजे मिठाच्या सलाईनचा जो नियम मी हजारो वेळा पाळला, तोच ह्या औषधाचा गाभा होता. मिशिगनच्या त्या द्रवात क्लोराईड नसतं, तर औषध बनलंच नसतं. माझ्या सलाईनमध्ये नसतं, तर ते रुग्णापर्यंत धड पोचलं नसतं.

सिसप्लॅटिन मूत्रपिंडं बिघडवायचं. इतकी, की सुरुवातीला हे औषध सोडूनच द्यावं असं चाललं होतं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये एस्तेबान त्स्वित्कोविच यांच्या गटाने १९७७ मध्ये दाखवलं, की आधी आणि नंतर भरपूर सलाईन दिलं, जोडीला मॅनिटॉलने लघवी वाढवली, तर मूत्रपिंडं बऱ्यापैकी वाचतात. वॉर्डात सिस्टर दर तासाला लघवी मोजून कागदावर लिहीत, ते ह्याचसाठी. औषधाचा शोध एकदाच लागत नाही. रेणू सापडतो तो एक शोध, तो माणसाला झेपेल असा कसा द्यायचा हा दुसरा. दुसऱ्या शोधाची नावं लोकांच्या ओठांवर नसतात, पण माझ्या लेखी त्याचा मान तेवढाच.

आणि उलट्या! १९९० च्या सुमाराचा तो वॉर्ड ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. प्रत्येक खाटेखाली बेसिन. सिसप्लॅटिन लागलं, की दीड-दोन तासांत सुरू व्हायचं ते रात्रभर. केमोच्या नुसत्या आठवणीने गेटपाशी उलटी करणारे रुग्ण मी पाहिले आहेत. पुढे ऑन्डान्सेट्रॉन हे उलटी थांबवणारं औषध आलं आणि वॉर्डाचा आवाज बदलला. अन्ननलिकेचा रुग्ण आधीच घासाला मोताद, त्याच्या पोटातलं थोडंफार टिकू लागलं.

दुसरं औषध फाईव्ह-एफयू. विस्कॉन्सिन विद्यापीठात चार्ल्स हायडेलबर्गर यांच्यासमोर एक निरीक्षण होतं. उंदरांच्या यकृतातल्या गाठी युरॅसिल नावाचा साधा घटक निरोगी पेशींपेक्षा जास्त ओढून घेतात. मग त्यांनी युरॅसिलसारखाच दिसणारा, पण एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवलेला रेणू बनवून घेतला. पेशी त्याला आपला समजून आत घेते आणि डीएनए बनवण्याचं तिचं काम अडतं. १९५७ मध्ये हे जाहीर झालं. अन्ननलिकेसाठी ते चार-चार दिवस थेंबथेंब चालवावं लागतं. पंप नव्हते तेव्हा नातेवाईक रात्री उठून थेंब मोजत बसायचे. मिनिटाला किती, हे त्यांना सिस्टरने बोटांवर शिकवलेलं असायचं.

ही दोन्ही औषधं अन्ननलिकेत एकत्र आली ती डेट्रॉइटला, आणि तिथवरची वाट मोठी विलक्षण आहे. वेन स्टेट विद्यापीठात नॉर्मन नायग्रो या शल्यचिकित्सकांनी १९७० च्या दशकात गुदमार्गाच्या कॅन्सरला शस्त्रक्रियेआधी केमो आणि लाईट एकदम दिली. शस्त्रक्रिया केली तर आत गाठच शिल्लक नाही! त्याच संस्थेतल्या लोकांनी विचार केला, की अन्नमार्गाच्या खालच्या टोकाला जे चाललं ते वरच्या टोकाला का चालू नये? दोन्हीकडची त्वचेसारखी अस्तरपेशी एकाच जातीची. त्यांनी ते अन्ननलिकेला लावून पाहिलं, आणि पुढे सिसप्लॅटिन आणि फाईव्ह-एफयू ही जोडी ठरली. मग अमेरिकेत ती रीतसर पारखली गेली. अर्ध्या रुग्णांना नुसती लाईट, अर्ध्यांना कमी लाईट आणि सोबत केमो. सगळे मिळून १२१ रुग्ण. १९९२ मध्ये निकाल आला. दोन वर्षांनी नुसत्या लाईटच्या गटात १० टक्के जिवंत, केमोच्या गटात ३८ टक्के. पाच वर्षांनी नुसत्या लाईटच्या गटातलं कुणीच उरलं नव्हतं. दुसऱ्या गटात चारांतला एक होता.

चारांतला एक हा आकडा वाचणाऱ्याला लहान वाटेल. मला वाटत नाही. नुसत्या लाईटच्या गटात हा आकडा शून्य होता.

आता तिसऱ्या औषधाकडे येते, आणि इथे माझा आवाज थोडा चढला तर वाचकांनी समजून घ्यावं.

पॅक्लिटॅक्सेल, म्हणजे पहिल्या नावाने टॅक्सॉल, आमच्याकडे आलं तेव्हा काचेच्या बाटल्या परत आल्या. तोवर सगळं सलाईन प्लास्टिकच्या पिशव्यांत आणि बाटल्यांत मिळू लागलं होतं. हे औषध मात्र साध्या पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशवीत भरायचं नाही, तसली नळी लावायची नाही, मध्ये बारीक गाळणी हवी, अशी सूचना आली. कारण औषध पाण्यात विरघळत नाही. ते विरघळवायला एरंडेल तेलापासून बनवलेला एक द्रव वापरतात, क्रेमोफोर. आपल्या आज्या मुलांना कोठा साफ करायला चमचाभर पाजत, तेच एरंडेल, रासायनिक प्रक्रिया केलेलं. हा द्रव प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं पिशवीतून ओढून काढतो. शिवाय काही रुग्णांना त्याची जबरदस्त रिॲक्शन येते. पहिल्या पाच-दहा मिनिटांत चेहरा लाल, छाती आवळल्यासारखी, दम लागलेला. म्हणून आधी डेक्सामेथासोन आणि ॲलर्जीचं इंजेक्शन, आणि बाटली सुरू झाली की सिस्टर खाटेजवळून हलायची नाही. सुरुवातीला अमेरिकेत ह्या रिॲक्शनमुळे चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या.

मी ह्या काचेच्या बाटल्या पंचवीस वर्षं भरल्या. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये, रुग्णालयाच्या रिकाम्या कँटीनमध्ये बसून मोबाईलवर एक बातमी वाचली. टॅक्सॉलच्या शोधकांपैकी एक, डॉ. मनसुख वाणी, अमेरिकेत वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले. जन्म: नंदुरबार, १९२५. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. माझं माहेर! नंदुरबारच्या मुलांना ९ सप्टेंबर १९४२ ही तारीख पाठ असते, कारण त्या दिवशी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार साथीदार इंग्रज सरकारच्या गोळीबारात गेले. वाणी तेव्हा सतरा वर्षांचे होते. शिरीषकुमारचं नाव आम्हाला शाळेत शिकवलं, आणि ते योग्यच झालं. वाणींचं नाव मात्र मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या निधनाच्या बातमीत.

मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून वाणी अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. घेतली आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्याच्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या सावकाश वाढणाऱ्या एका झाडाची साल गोळा केली. अमेरिकेची राष्ट्रीय कॅन्सर संस्था तेव्हा हजारो वनस्पती गोळा करून त्यांचे अर्क कॅन्सरच्या पेशींवर तपासत होती. लाकूडतोड्यांच्या लेखी हे झाड बिनकामाचं. मोठी झाडं तोडताना ते मध्ये येई म्हणून तोडत आणि पालापाचोळ्यासोबत जाळून टाकत.

सालीचा अर्क पेशी मारतो हे दिसलं. मग वॉल आणि वाणींपुढे काम होतं ते अर्कातला नेमका कर्ता शोधण्याचं. अर्काचे भाग करायचे, प्रत्येक भाग तपासायचा, ज्यात जोर आहे तो ठेवायचा, त्याचे पुन्हा भाग करायचे. १२ किलो सालीतून शेवटी हाती आला अर्धा ग्रॅम शुद्ध पदार्थ. आमच्या भाषेत सांगायचं तर सालीचं एक अख्खं पोतं आणि त्यातून चिमूटभर पांढरी पूड. पुढचा पेच आणखी अवघड. रेणूची रचना क्ष-किरणांनी काढायला चांगले स्फटिक हवेत आणि ह्याचे ते बनेनात. वाणींनी रेणू हलक्या हाताने दोन तुकड्यांत तोडला, दोन्ही तुकड्यांचे असे संयुग-भाऊ बनवले की त्यांचे स्फटिक धरतील, त्यांची रचना काढली आणि मग तुकडे कागदावर पुन्हा जोडले. १९७१ मध्ये ती रचना प्रसिद्ध झाली. लेखकांत पहिलं नाव एम. सी. वाणी. त्याआधी १९६६ मध्ये ह्याच दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढलं होतं, ज्याच्या वंशातली औषधं आज मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला देतात. एका माणसाच्या हातून आयुष्यात अशी दोन औषधं निघणं हे फार विरळा.

तरी टॅक्सॉल पुढे काही वर्षं पडूनच राहिलं. साल मिळणं कठीण, औषध विरघळत नाही, आणि ते काम कसं करतं हेही माहीत नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी ते शोधलं. पेशी दुभंगताना धाग्यांची जी चाती बनते, ते धागे जुळावे लागतात आणि सुटावेही लागतात. त्या आधीची औषधं धागे जुळूच द्यायची नाहीत. हे औषध उलटं करतं. जुळलेले धागे सुटूच देत नाही, चाती गोठते, पेशी अर्ध्यात अडकून मरते. ज्या चातीच्या फोटोंत रोझेनबर्गना लोखंडाचा कीस दिसला होता, त्याच चातीचे हे धागे. प्लॅटिनमचा शोध जिथून सुरू झाला, तिथेच झाडाच्या सालीतलं औषध जाऊन बसलं. दोन्ही औषधं मी एका दिवशी, एकाच रुग्णासाठी, शेजारी शेजारी भरत होते, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

१९९२ च्या डिसेंबरात अमेरिकेने टॅक्सॉलला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मान्यता दिली. ह्युस्टनमध्ये जाफर अजानी यांनी ते अन्ननलिकेच्या रुग्णांना दिलं, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांच्या गाठी आकसल्या. त्या काळी एकट्या औषधाने एवढं होणं मोठी गोष्ट होती. पण साल सोलली की झाड मरतं आणि जंगल किती सोलणार? फ्रान्समध्ये आणि फ्लोरिडात रसायनशास्त्रज्ञांनी युरोपातल्या यूच्या पानांमधून जवळचा रेणू काढून त्यापासून औषध बनवायची रीत बसवली. पानं पुन्हा फुटतात. आपल्या हिमालयातल्या थुनेर या यूच्या भावंडालाही ह्या मागणीची झळ लागली, आणि १९९५ पासून त्याच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आलं. ते यायला हवंच होतं.

आता डच लोकांचं काम, ज्यामुळे माझं रोजचं कपाट बदललं. सिसप्लॅटिनच्या जागी त्याचं सौम्य भावंड कार्बोप्लॅटिन, सोबत कमी मात्रेत पॅक्लिटॅक्सेल, आठवड्यातून एकदा, पाच आठवडे, रोजच्या लाईटबरोबर, आणि मग शस्त्रक्रिया. २००४ ते २००८ मध्ये ३६६ रुग्णांवर हे पाहिलं गेलं, २०१२ मध्ये छापलं गेलं. चाचणीचं नाव क्रॉस. नुसत्या शस्त्रक्रियेच्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिन्यांपर्यंत गेले होते, ह्या गटात तोच टप्पा ४९ महिन्यांवर गेला. आणि आपल्याकडे जो प्रकार जास्त दिसतो त्या स्क्वॅमस, म्हणजे त्वचेसारख्या अस्तरपेशींच्या, कॅन्सरमध्ये जवळजवळ निम्म्यांच्या काढलेल्या अन्ननलिकेत सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा कॅन्सर सापडला नाही. नवीन रेणू एकही नव्हता. होतं ते जुन्या औषधांचं प्रमाण, वेळ आणि क्रम.

त्याच सुमारास शहाद्याकडचे एक शेतकरी काका आमच्याकडे होते. भाकरी अडकू लागल्यावर दीड महिन्यात ते आले होते, मुलीने हट्ट धरला म्हणून. दर सोमवारी त्यांच्या दोन बाटल्या मी भरायचे. चौथ्या सोमवारी खिडकीशी येऊन म्हणाले, "ताई, काल वरणात चुरून अर्धी पोळी खाल्ली." पुढे शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर चार वर्षं ते तपासणीला येत राहिले, येताना शेतातली केळी आणत.

आणि त्याच आठवड्यात साताऱ्याकडच्या एक आजी आल्या होत्या. चाळीस वर्षं तंबाखूच्या मिश्रीची सवय. सात-आठ महिने घास अडकत होता, त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या. आल्या तेव्हा पाणी उतरत नव्हतं, वजन बत्तीस किलो. काउंट, शक्ती, कशातच केमो बसत नव्हती. नळीत स्टेंट टाकून त्यांना दूध पिता येईल एवढं केलं. त्यांच्यासाठी मी एकही बाटली भरली नाही.

तंबाखूचा आणि अन्ननलिकेचा संबंध परक्या देशाने येऊन आपल्याला सांगितलेला नाही. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. संघवी, राव यांनी १९५५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तंबाखू ओढणं, चघळणं आणि तोंड, घसा, अन्ननलिकेचे कॅन्सर यांवर लेख छापला होता. त्याला सत्तर वर्षं झाली. सत्तर वर्षांत मिश्रीची डबी आपल्या माजघरातून गेली नाही, याचं मला मनापासून दुःख आहे.

आता नवी औषधं आली आहेत. शरीराच्या स्वतःच्या संरक्षक पेशींवरचा लगाम सोडणारं निवोल्युमॅब २०२१ पासून शस्त्रक्रियेनंतर वापरतात. जठराजवळच्या दुसऱ्या प्रकारच्या कॅन्सरला चार औषधांची वेगळी केमो क्रॉसपेक्षा सरस ठरली आहे. पण ती महाग, किंवा धडधाकट रुग्णालाच झेपणारी. सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, फाईव्ह-एफयू आणि पॅक्लिटॅक्सेल ही चारही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत, आणि १९७० च्या पेटंट कायद्यामुळे आपल्या कंपन्या ती वर्षानुवर्षं स्वस्तात बनवत आल्या. जिल्ह्याच्या ठिकाणीही ती मिळतात.

म्हणून माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. नंदुरबारच्या शाळांत मनसुख वाणींचं नाव मुलांना सांगा. आणि तुमच्या घरात कुणाला भाकरी अडकू लागली, तर त्याला भात वाढून गप्प बसू नका. त्याच महिन्यात एंडोस्कोपी करून घ्या. पंधरा मिनिटांची तपासणी आहे.